भस्माचा कण आणि भावनेचा रस

गेली काही वर्षे आपल्या व्यवसायात ‘नॅनो’ हा शब्द फार सैलपणे वापरला जात आहे. औषधनिर्मात्यांची माहितीपत्रके, परिषदांतील शोधनिबंध, पदव्युत्तर प्रबंध, इतकेच काय पण चिकित्सालयाच्या भिंतीवरील फलक, या सर्वांतून ‘आपली भस्मे म्हणजे प्राचीन नॅनोऔषधेच होत’ असे विधान थोड्याफार फरकाने वाचावयास मिळते. प्रस्तुत लेखकही या मोहातून सुटलेला नाही. धातूचे नाव ऐकताच बिचकणाऱ्या रुग्णाला धीर देण्यासाठी मी हे वाक्य अनेकदा उच्चारले आहे आणि त्याचा परिणामही चांगला होतो, हे मान्य केले पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी मात्र या वाक्याने मला अडचणीत आणले. यकृताच्या तक्रारीसाठी एका गृहस्थांना आरोग्यवर्धिनी सुरू केली होती. सोबत त्यांची रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकणारी मुलगी होती. माझे नेहमीचे वाक्य ऐकून ती अत्यंत अदबीने म्हणाली, “डॉक्टर, नॅनोकण म्हणजे नुसता आकार नव्हे. या गोळीतल्या कणांच्या पृष्ठभागावर काय बसले आहे, हे कोणी पाहिले आहे का?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. विषय बदलून मी पथ्यापथ्याकडे वळलो. रुग्णाला गुण आला ही गोष्ट वेगळी. पण त्या मुलीचा प्रश्न माझ्यापाशी राहिला. त्या निमित्ताने जे वाचन झाले त्यातून माझे असे मत बनले आहे की, आपण चुकीच्या ठिकाणी अभिमान बाळगत आहोत आणि जेथे आपल्या शास्त्राचे खरे कौशल्य होते, त्या भावनासंस्काराकडे मात्र आपणच दुर्लक्ष केले आहे. ते मत येथे व्यवसायबंधूंपुढे आणि विशेषतः औषधनिर्मात्यांपुढे ठेवीत आहे.

प्रथम आकाराचा प्रश्न निकालात काढू. नॅनोकण ही संज्ञा सामान्यतः १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांसाठी वापरतात. वारितर आणि रेखापूर्ण या परीक्षा भस्म नॅनोकणयुक्त असल्याचे सिद्ध करतात, असे आपल्याकडे सर्रास लिहिले जाते. ते बरोबर नाही. बोटावरील रेषांच्या खाचा मायक्रोमीटरमध्ये मोजाव्या लागतात, म्हणजे नॅनोमीटरच्या हजारपटीत. त्या खाचांत जे सहज बसते ते नॅनोकणापेक्षा शेकडो पटींनी मोठेही असू शकते. वारितरत्व हे पाण्याच्या पृष्ठताणावर आणि कण पाण्याने किती भिजतो यावर अवलंबून असते. या परीक्षा उत्तम आहेत, निर्मितीच्या जागी हाताशी असणाऱ्या आहेत. पण त्या ज्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी सांगितल्या गेल्या, त्याच प्रश्नाचे उत्तर त्यांच्याकडून घ्यावे.

आधुनिक उपकरणांनी केलेली परीक्षणे उपलब्ध आहेत आणि ती आपल्याला बरीच अनुकूल आहेत. २००७ साली ‘गोल्ड बुलेटिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुवर्णभस्मातील सुवर्णकणांचा सरासरी आकार ५६-५७ नॅनोमीटर आढळला. मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी २००९ मध्ये जसदभस्माचे परीक्षण ‘जर्नल ऑफ नॅनोपार्टिकल रिसर्च’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यात जस्ताचे ऑक्साइड काहीशा ऑक्सिजन-न्यून अवस्थेत आढळले आणि कणांपैकी काही अंश नॅनो आकाराचा असल्याचे दिसले. ‘काही अंश’ हे शब्द ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी तर जसदभस्मापासून स्फूर्ती घेऊन जस्त-ऑक्साइडच्या नॅनोकणांचा मधुमेहावर प्राण्यांमध्ये अभ्यास केला. हे सर्व आनंददायक आहे. पण या अभ्यासांतून भस्मात नॅनो आकाराचे कण असतात एवढेच सिद्ध होते. ते कण शरीरात काय करतात, याचे उत्तर आकारात नाही.

ते उत्तर पृष्ठभागात आहे. कण जितका लहान, तितका त्याच्या वस्तुमानाच्या मानाने पृष्ठभाग मोठा. असा मोठा आणि रासायनिकदृष्ट्या अस्वस्थ पृष्ठभाग जैविक द्रवात गेला की तो उघडा राहूच शकत नाही. क्षणार्धात त्यावर प्रथिने येऊन चिकटतात. आधी विपुल प्रमाणात असलेली प्रथिने जागा धरतात, मग हळूहळू अधिक आकर्षण असलेली प्रथिने त्यांना हुसकावून तेथे बसतात. डब्लिन व लुंड येथील शास्त्रज्ञांनी २००७ च्या सुमारास या आवरणाला ‘कोरोना’, म्हणजे प्रभामंडळ, असे नाव दिले. पुढे साथीच्या काळात तो शब्द भलत्याच अर्थाने घरोघर पोहोचला, असो. त्यांच्या प्रतिपादनाचा मथितार्थ असा की, पेशीला धातू दिसतच नाही. पेशीला दिसते ते त्यावरील प्रथिनांचे आवरण. एकच सुवर्णकण दोन निरनिराळ्या द्रवांतून गेला तर पेशीच्या दृष्टीने ते दोन निरनिराळे पदार्थ ठरतात.

आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, आपल्या औषधांतील धातू रुग्णाच्या रक्तापर्यंत जाण्याच्या पुष्कळ आधी वनस्पतीच्या प्रथिनांना भेटलेला असतो. म्हणून वनस्पती धातूशी कशी वागते, हे जाणून घेणे आपल्याला भाग आहे.

या ज्ञानाच्या आरंभी आपलीच सर्पगंधा उभी आहे, हे किती वैद्यांना ठाऊक असेल? म्युनिकच्या विद्यापीठात सर्पगंधेच्या पेशी द्रवमाध्यमात वाढवून त्यांना कॅडमियम देण्यात आले. त्या पेशींनी धातूला बांधून टाकणारी लहान पेप्टाइडे मोठ्या प्रमाणात तयार केली. १९८५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांचे वर्णन ‘फायटोकेलाटिन’ या नावाने प्रसिद्ध झाले. ही पेप्टाइडे ग्लूटाथायोनपासून बनतात आणि त्यांच्या साखळीत सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल पुनःपुन्हा येते. सिस्टीनच्या टोकाशी गंधक आणि हायड्रोजन यांचा जो थायॉल गट असतो तो पारा, तांबे, रौप्य, सुवर्ण, कॅडमियम यांना घट्ट धरतो. या गटाला युरोपीय रसायनशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकात ‘मर्कॅप्टन’ असे नाव दिले होते आणि त्याचा लॅटिन अर्थच ‘पाऱ्याला पकडणारा’ असा आहे. पारद-गंधक बंधाचे महत्त्व कज्जली करणाऱ्याला वेगळे सांगावयास नको. मात्र येथे लगेच ‘आपल्या पूर्वजांना थायॉल माहीत होते’ असे म्हणण्याचा उत्साह आवरावा. त्यांना बंध दिसला, त्यांनी त्याचा उपयोग केला. तेवढे पुरेसे मोठे आहे.

जिवंत वनस्पती धातूला केवळ बांधून ठेवतात असे नाही, तर त्याचे कणही घडवितात. आपल्या शेतकऱ्यांच्या परिचयाचे लसूणघास हे जनावरांचे खाद्य. सुवर्णक्षाराच्या द्रावणयुक्त माध्यमात वाढविलेल्या लसूणघासाच्या रोपांत सुवर्णाचे नॅनोकण तयार झाल्याचे अमेरिकेत टेक्सास येथील संशोधकांनी २००२ मध्ये दाखविले. त्याच सुमारास आपल्या पुण्यात, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री आणि त्यांचे सहकारी गवती चहा, कडुनिंब, आवळा, कोरफड यांच्या अर्कांवर काम करीत होते. गवती चहाच्या अर्कात सुवर्णाचे त्रिकोणी पत्रे तयार होतात, हा त्यांचा निबंध २००४ मध्ये ‘नेचर मटेरियल्स’मध्ये आला. कडुनिंबाच्या पानांच्या अर्कात रौप्य व सुवर्ण यांचे कण तयार होतात, हेही त्यांनी त्याच वर्षी दाखविले. पुण्याच्या पाषाण रस्त्यावर कडुनिंबाच्या पानांनी रौप्यकण घडत होते आणि तेथून काही किलोमीटरवर आपण परिषदांमधून ‘नॅनो’ या शब्दाच्या केवळ घोषणा देत होतो, ही खंत मला वाटते.

या प्रयोगांतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, कणावर बसणारे सर्व काही प्रथिनच असते असे नाही. कडुनिंबाच्या बाबतीत टर्पिनॉइड व फ्लॅव्हनोन वर्गातील द्रव्ये कणांच्या पृष्ठभागावर असावीत, असे त्या संशोधकांचे मत होते. गवती चहाच्या बाबतीत शर्करा व अल्डिहाइड यांचा मोठा वाटा दिसला. आज ‘हरित संश्लेषण’ या नावाखाली जे शेकडो निबंध निघतात, त्यांत अवरक्त वर्णपटावर एखादा उंचवटा दिसला की ‘प्रथिनांमुळे’ असे लिहून मोकळे होण्याची रीत पडली आहे. ती आपण उचलू नये. दुसरी गोष्ट, या प्रयोगांत धातू आरंभी क्षाररूपाने विरघळलेला असतो, वनस्पती त्याला कणरूप देते. आपल्या खलात याच्या उलट, घन ऑक्साइड अथवा सल्फाइड चूर्णरूपाने आधीच तयार असते आणि त्यावर रस ओतला जातो. म्हणून पुण्याचे निष्कर्ष जसेच्या तसे आरोग्यवर्धिनीला लावता येणार नाहीत. मात्र धातूचा पृष्ठभाग वनस्पतीच्या कोणत्या घटकांना जवळ करतो, याची दिशा त्यांवरून समजते.

धातू तोच असूनही रूप बदलताच वनस्पतीची प्रथिने निराळा प्रतिसाद देतात, याचे एक सुंदर उदाहरण २०१३ साली इटलीतून आले. तारामिरा या मोहरीच्या कुळातील वनस्पतीच्या रोपांना एका गटात रौप्यक्षार आणि दुसऱ्या गटात रौप्याचे नॅनोकण देऊन मुळांतील प्रथिनांचा तुलनात्मक अभ्यास करण्यात आला. दोन्ही गटांत बदललेल्या प्रथिनांच्या याद्या बऱ्याच वेगळ्या निघाल्या. कणांचा परिणाम केवळ त्यांतून सुटणाऱ्या रौप्य-आयनांमुळे होतो असे म्हणता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष. ‘धातू म्हणजे धातूच, कोणत्याही रूपात विष’ असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे. पण हेच उत्तर ‘धातूचे भस्म केले की ते निर्धोकच’ असे म्हणणाऱ्यांनाही आहे, हे विसरून चालणार नाही.

आता खलाकडे येऊ.

आपल्या कल्पांत वनस्पतीचा रस धातूला दोन अगदी भिन्न परिस्थितींत भेटतो आणि या दोहोंची आपण सतत गल्लत करतो. पहिली परिस्थिती भस्मनिर्मितीतील. तेथे भावना दिल्यानंतर चक्रिका वाळवून पुट दिले जाते. गजपुटातील तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. या उष्णतेत कोणतेही प्रथिन, कोणतेही टॅनिन टिकत नाही. उरतो तो वनस्पतीतील क्षारांचा अंश, म्हणजे पोटॅशियम, कॅल्शियम, सिलिका, फॉस्फेट इत्यादी, आणि क्वचित थोडा कोळसा. अर्थात जळण्यापूर्वी त्या सेंद्रिय द्रव्यांनी कणांना परस्परांपासून दूर ठेवले, भट्टीतील वातावरणावर परिणाम केला, यामुळे भस्माचे रूप ठरत असेल, हे शक्य आहे. भावनाद्रव्य बदलले की भस्माचा रंग बदलतो, हे प्रत्येकाने पाहिले आहे. परंतु ‘आमच्या भस्माच्या कणावर औषधी वनस्पतीचे आवरण आहे’ असे जे काही माहितीपत्रकांत छापलेले असते, ते गजपुटातून निघालेल्या भस्माबाबत मला तरी पटत नाही. शतपुटी असो वा सहस्रपुटी, शेवटचा संस्कार अग्नीचा असेल तर आवरणाची भाषा करू नये.

दुसरी परिस्थिती खरलीय रसायनांची. येथे शेवटचा संस्कार भावनेचा असतो, अग्नीचा नाही. त्रिभुवनकीर्तीला तुळस, आले, धोत्रा यांच्या रसांच्या भावना आहेत. आरोग्यवर्धिनीत कज्जली, लोह, अभ्रक व ताम्र यांची भस्मे त्रिफळा, शिलाजतु, गुग्गुळ, चित्रक आणि सर्वांच्या बरोबरीने कुटकी यांसह कडुनिंबाच्या पानांच्या रसात दोन दिवस मर्दन करावी लागतात. हा खरा प्रसंग आहे. येथे धातूचा पृष्ठभाग आणि ताज्या पानातील प्रथिने ओल्या अवस्थेत, दोन दिवसांच्या घर्षणाखाली, समोरासमोर येतात आणि ती भेट तशीच वटीत बंद होते. माझ्या रुग्णाच्या मुलीचा प्रश्न नेमका याच ठिकाणी लागू पडतो.

आणि येथेच स्वरस व क्वाथ यांतील भेद कळीचा ठरतो. हिरव्या पानाच्या ताज्या रसात विद्राव्य प्रथिने भरपूर असतात. प्रकाशसंश्लेषणातील रुबिस्को हे एकच प्रथिन अनेक वनस्पतींच्या पानांतील विद्राव्य प्रथिनांपैकी निम्म्याच्या आसपास भरते आणि त्याच्या साखळीत सिस्टीन आहेच. याच रसाला उकळी द्या; हिरवट साका फाटलेल्या दुधासारखा वेगळा होतो आणि वर निवळ पाणी राहते. तो साका म्हणजे गोठलेले प्रथिन. क्वाथ गाळताना ते फडक्यावर राहून जाते. वाळलेल्या पाल्याच्या क्वाथात तर आरंभापासूनच विद्राव्य प्रथिन फार थोडे. तेथे टॅनिन आणि इतर बहुफिनॉले यांचे राज्य. टॅनिनही धातूला धरते. लोहभस्म त्रिफळाक्वाथात घोटताना खल शाईसारखा काळा पडतो, तो याच बंधामुळे. जुन्या काळची लिहिण्याची शाईही लोह आणि टॅनिन यांचीच असे. शिवाय टॅनिन प्रथिनालाही धरून खाली बसविते. सह्याद्रीतील हिरडा कातडी कमावण्यासाठी दूरदेशी जात असे तो याच गुणामुळे. म्हणजे आरोग्यवर्धिनीच्या खलात कडुनिंबाचे प्रथिन, त्रिफळ्याचे टॅनिन आणि धातूचा पृष्ठभाग अशी तिहेरी ओढाताण चालते. त्यातून शेवटी कणावर कोण बसते, हे प्रत्यक्ष तपासल्याशिवाय कोणीही सांगू शकणार नाही. पण स्वरसाऐवजी क्वाथ घातला तर या ओढाताणीतील एक पक्षच मैदानातून नाहीसा होतो, एवढे नक्की सांगता येते.

माझ्या टेबलावर एकदा दोन निर्मात्यांच्या आरोग्यवर्धिनी शेजारी शेजारी होत्या. लेबलवर ग्रंथाधार एकच, घटकद्रव्ये तीच, मात्राही तीच. चवीत, वासात आणि पाण्यात विरघळण्याच्या रीतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. दोघांनाही पत्र लिहून भावना कशाने व कशी देता, असे विचारले. एकाचे उत्तर आलेच नाही. दुसऱ्या निर्मात्याने दूरध्वनीवर मोकळेपणाने सांगितले, “वैद्य, ओला पाला रोज कुठून आणायचा? आणि पावसाळ्यात दोन दिवस खल चालला की माल आंबतो, बुरशी धरतो. आम्ही चार महिने वाळक्या पाल्याचा काढा वापरतो, उरलेले आठ महिने रस.” म्हणजे एकाच लेबलखाली वर्षातून दोन निराळी औषधे निघत होती आणि मी दोन्हींच्या परिणामांची नोंद एकाच नावाखाली करीत होतो.

त्या गृहस्थांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्यांनी खरे सांगितले, त्यांच्या अडचणीही खऱ्या आहेत. शिवाय शास्त्राचा आधारही त्यांच्या बाजूने काढता येईल. स्वरस न मिळाल्यास चूर्ण दुप्पट पाण्यात एक अहोरात्र भिजवून घ्यावे, अथवा शुष्क द्रव्य आठपट पाण्यात उकळून चतुर्थांश उरवावे, असे पर्याय शार्ङ्गधराने दिलेच आहेत. पण हे पर्याय स्वरसाच्या अभावी दिलेले आहेत, याचा आपल्याला विसर पडला आहे. तीन मार्गांतून निघणारे द्रव रासायनिकदृष्ट्या समान नाहीत. भिजवलेल्या चूर्णाच्या पाण्यात काही विद्राव्य प्रथिने येऊ शकतात, उकळलेल्यात ती बहुतांशी नष्ट होतात. शास्त्राने सवलत दिली म्हणून ती जाहीर न करण्याचीही सवलत मिळते, असे नव्हे. कोणता द्रव श्रेष्ठ, हे मी सांगत नाही. कदाचित टॅनिनचे आवरणच अधिक हितकर ठरेल. तुलना केल्याशिवाय कळणार नाही, आणि तुलना करावयाची तर कोणत्या वटीत काय आहे, हे आधी कळले पाहिजे.

काही व्यवसायबंधू म्हणतील, आधुनिक शास्त्राच्या या सूक्ष्म भेदांची आपल्याला काय गरज? अनुभवाने सिद्ध झालेले औषध आहे. त्यांच्यापुढे दोन गोष्टी ठेवतो.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये पारद-सल्फाइडच्या वेगवेगळ्या आकारांच्या कणांवर गाळातील जीवाणूंची क्रिया पाहिली. नॅनो आकाराच्या कणांपासून मिथिल-पारद हे विषारी संयुग मोठ्या कणांच्या मानाने जास्त तयार झाले. गाळातील जीवाणू म्हणजे मनुष्याचे आतडे नव्हे, हे खरे. कज्जलीबाबत थेट निष्कर्ष त्यातून काढता येत नाही. पण ‘जितके सूक्ष्म तितके निर्धोक’ हे आपले आवडते समीकरण रसायनशास्त्राला मान्य नाही, एवढा इशारा त्यातून नक्कीच मिळतो. पारदकल्पांच्या बाबतीत ‘नॅनो’ हा शब्द आपण प्रशस्तिपत्र म्हणून मिरवतो, तो उद्या आरोपपत्रात वाचावयास मिळाला तर नवल नाही. शिवाय केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने नॅनोऔषधांच्या मूल्यमापनासाठी २०१९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. कणांचा आकार आणि पृष्ठभागाचे गुणधर्म यांची मोजमापे हा अशा मूल्यमापनाचा पाया असतो. नॅनो म्हणवून घेणाऱ्याला कोणी ती मोजमापे मागितली, तर आपल्यापैकी किती निर्माते ती दाखवू शकतील?

दुसरी गोष्ट ‘आम्ही धातू वापरतच नाही, आमचे सर्व काष्ठौषधी’ असे समाधान मानणाऱ्यांसाठी. बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा अथवा आर्सेनिक सापडल्याचे २००४ साली अमेरिकन वैद्यकसंघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि मोठा गहजब उडाला. २००८ मध्ये त्याच गटाने १९३ उत्पादने तपासली. त्यांत रसकल्प नसलेल्या उत्पादनांतही सुमारे १७ टक्क्यांमध्ये धातू आढळले. हा धातू कोठून आला? काही ठिकाणी रसकल्प व काष्ठौषधी यांसाठी एकच दळणयंत्र वापरल्यामुळे येत असेल. पण सर्पगंधेने १९८५ मध्ये जे शिकविले तेही विसरू नये. दूषित मातीत किंवा सांडपाण्यावर वाढलेली वनस्पती धातूला आपल्या पेप्टाइडांनी बांधून पेशीत साठवून ठेवते आणि वरून हिरवीगार, निरोगी दिसते. पाणथळ जागी वाढणारी ब्राह्मी या बाबतीत विशेष जपून घ्यावी. निर्यात होणाऱ्या केवळ वनस्पतिज औषधांची जड धातूंसाठी तपासणी १ जानेवारी २००६ पासून आवश्यक झाली. शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ पीपीएम या मर्यादा निर्मात्यांना पाठ आहेत. परदेशी रुग्णासाठी जी काळजी घेतो, ती आपल्या गावातील रुग्णासाठी ऐच्छिक का असावी, याचे समर्पक उत्तर मला अद्याप कोणत्याही निर्मात्याकडून मिळालेले नाही. आणि जो पाला आपण भावनेसाठी वापरतो, तोही याच मातीतून येतो.

यावर उपाय फार खर्चिक नाही. निर्मात्यांनी आपल्या घाणपत्रकात, म्हणजे प्रत्येक बॅचच्या नोंदीत, भावनाद्रव्याचे रूप लिहावे: ताजा स्वरस, भिजवलेले पाणी की क्वाथ, पाला कोठून व कोणत्या महिन्यात आणला, भावना किती व प्रत्येकीस किती तास मर्दन. हीच माहिती थोडक्यात लेबलवर द्यावी. नियमानुसार घटकद्रव्यांची यादी द्यावीच लागते, तिच्याखाली एक ओळ वाढेल. पावसाळी माल क्वाथाने करावयाचा असेल तर जरूर करावा, पण तो तसे सांगून विकावा. वैद्यांनी औषध लिहिताना रुग्णपत्रिकेत निर्मात्याचे नाव आणि बॅच क्रमांक टिपावा. मी हे दीड वर्षापासून करीत आहे. रुग्णामागे अर्धे मिनिट लागते.

तपासणीच्या बाबतीतही आरंभ लहान करता येईल. कज्जली व भस्मे एकाच बॅचची घ्यावीत. त्यांपासून आरोग्यवर्धिनीचे तीन नमुने करावेत: एक स्वरसाचा, एक भिजवलेल्या पाण्याचा, एक क्वाथाचा. भावनेपूर्वी तिन्ही द्रवांतील नायट्रोजनवरून प्रथिनाचे मान काढावे. रंगावर आधारलेल्या ब्रॅडफोर्ड चाचणीने हे स्वस्तात होते, परंतु टॅनिनयुक्त द्रवात ती चकवते, म्हणून नायट्रोजनच बरा. तयार वट्या कृत्रिम जठररसात किती धातू सोडतात हे मोजावे आणि कणांचा पृष्ठभार व अवरक्त वर्णपट एखाद्या विद्यापीठाच्या उपकरण केंद्रातून घ्यावा. याला मोठा अनुदानप्रकल्प लागत नाही. दोन-तीन निर्माते आणि एक पदव्युत्तर विद्यार्थी पुरे. निष्कर्ष आपल्या विरुद्ध गेला तरी तो याच त्रैमासिकात छापला जावा, अशी संपादक मंडळाला माझी विनंती आहे.

तोपर्यंत मी माझ्या चिकित्सालयातील ‘नॅनो’ फलक उतरविला आहे. ज्या सभासद निर्मात्यांकडे ताजा स्वरस आणि क्वाथ अशा दोन्ही प्रकारे केलेल्या आरोग्यवर्धिनीचे किंवा त्रिभुवनकीर्तीचे नमुने बॅचनोंदीसह उपलब्ध असतील, त्यांनी ते वार्षिक सभेपूर्वी संघटनेच्या कार्यालयात कळवावे. पाल्याचा महिना मात्र न विसरता लिहावा.